सल्ला : ‘येना आमले काय उपेग?’ असं मुलं विचारतात तेव्हा

पत्र थोडक्यात : खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेचं हे पत्र आहे. सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा) झालेली, पीएच.डी. अर्ध्यावर. तृतीय वर्ष कला शाखेला त्या आंतरराष्ट्रीय संबंध आणि तौलनिक राजकारण हे दोन पेपर शिकवतात. वर्गातली बहुतेक मुलं शेतकरी आणि आदिवासी घरांतली, घरी अहिराणी किंवा पावरी बोलणारी. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मे बाक रिकामे असतात. ‘वास्तववाद’, ‘सत्तासमतोल’ असे शब्द फळ्यावर आले की मुलं मुकाट उतरवून घेतात. एकदा मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, ‘मॅडम, येना आमले काय उपेग?’ (याचा आम्हाला काय उपयोग?) बाईंना उत्तर सुचलं नाही. मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षावर कॉलेज उघडल्यावर त्यांनी वर्गात चर्चा ठेवली, तर दोन मुलांत जुंपली. एकाने दुसऱ्याला देशद्रोही म्हटलं आणि त्याचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरला. ‘वादाचे विषय टाळा, नोट्स द्या, पोर्शन संपवा,’ असं त्यांना वरून सांगण्यात आलं. तेव्हापासून त्या फक्त नोट्स सांगतात. आता पुण्याच्या एका स्पर्धा परीक्षा क्लासकडून बोलावणं आलं आहे. त्या विचारतात, ‘जग इथपर्यंत पोचतच नाही. हा विषय दिल्ली-पुण्याच्या मुलांचा आहे. मी इथे माझा आणि त्यांचाही वेळ वाया घालवते आहे का?’

ताई,

तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाचा वाटला तो मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न. तुम्ही तो आपलं अपयश म्हणून लिहिला आहे. मला तो तसा वाटत नाही. ज्या मुलाने विषयाचा नाद सोडला आहे तो असं विचारत नाही, तो उतरवून घेतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करतो. या मुलाला अजून तुमच्याकडून काही मिळेल अशी आशा आहे. शिवाय त्याने तो अहिराणीत विचारला. वर्गात घरची भाषा तोंडात येते ती समोरचं माणूस आपलं वाटतं तेव्हाच.

त्याच्या प्रश्नाकडे वळण्याआधी तुमच्या एका वाक्याबद्दल बोलायला हवं, कारण बाकीचं सगळं पत्र त्या वाक्यावर उभं आहे. ‘जग इथपर्यंत पोचतच नाही.’ खरंच पोचत नाही?

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन यावल तालुक्यात फैजपूरला भरलं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन म्हणून आपण त्याची आठवण काढतो. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, आणि त्यांच्या भाषणात शेतकऱ्यांच्या हलाखीइतकाच युरोपातला फॅसिझम होता, त्याच वर्षी पेटलेली स्पेनची यादवी होती. केळीच्या पट्ट्यातल्या त्या मांडवात स्पेनचं काय काम, असा विचार बोलणाऱ्याने केला नाही. त्याच्याही सत्तर-पंचाहत्तर वर्षं आधी, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि मुंबईमार्गे जाणाऱ्या खानदेश-वऱ्हाडच्या कापसाचे भाव चढले. युद्ध संपलं तसे ते कोसळले. ज्यांनी चढत्या भावाच्या भरवशावर कर्ज काढलं होतं त्यांचं काय झालं असेल, हे तुमच्या वर्गातल्या कुठल्याही मुलाला समजावून सांगावं लागणार नाही.

आणि मणिबेली. अक्कलकुवा तालुक्यात नर्मदेच्या काठचं हे गाव. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं अर्थसाहाय्य मंजूर केलं. महाराष्ट्रातली ३३ गावं बुडितात जाणार होती, सगळी आजच्या नंदुरबार जिल्ह्यातली. लोकांनी विरोध केला. त्या विरोधाची दखल वॉशिंग्टनपर्यंत घ्यावी लागली आणि बँकेने १९९१ मध्ये ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. १९९२ च्या तिच्या अहवालाने पुनर्वसनाच्या आणि पर्यावरणाच्या बाबतीत प्रकल्पावर कडक ठपका ठेवला. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. त्याच वर्षी बँकेने आपल्या प्रकल्पांविरुद्ध थेट बाधित लोकांना तक्रार करता यावी म्हणून तपासणी पॅनल स्थापन केलं. १९९४ मध्ये जगभरातल्या संघटनांनी मोठ्या धरणांना कर्ज देणं थांबवा असं बँकेला सांगणारं जे निवेदन काढलं, त्याचं नाव ‘मणिबेली जाहीरनामा’ आहे.

अभ्यासक्रमात ‘बिगर-राज्य घटकांची भूमिका’ असं एक प्रकरण असतं. आपण तिथे बहुराष्ट्रीय कंपन्या, ॲम्नेस्टी, ग्रीनपीस अशी नावं सांगून पुढे जातो. त्या प्रकरणाचा एक महत्त्वाचा धडा सातपुड्यात घडला आहे, आणि कदाचित तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीचे आजी-आजोबा तिथून उठून तळोदा-शहाद्याकडच्या वसाहतीत राहायला आले असतील. तशी मुलगी असेल तर एक विनंती. तिला वर्गासमोर उभं करून ‘तुझ्या घरची हकीकत सांग’ असं म्हणू नका. ज्यांनी गाव गमावलं त्यांच्या पोरांना वर्गात उदाहरण होऊन बसायला आवडत नाही. तुम्ही शिकवा. तिला बोलावंसं वाटलं तर ती बोलेल.

आता तुमच्या मनात येईल की, मग स्थानिक उदाहरणं दिली की झालं! नाही, आणि इथे मी जरा आग्रहाने लिहिते आहे. ‘मातीतलं उदाहरण’ देऊन तिथेच थांबणं ही मुलांची दुसऱ्या प्रकारची फसवणूक आहे. पहिल्या प्रकारात आपण त्यांना न समजणारे शब्द देतो. दुसऱ्या प्रकारात समजणाऱ्या गोष्टी देतो आणि शब्द पुण्याच्या मुलांसाठी राखून ठेवतो. तुमच्या मुलांना सिद्धान्त हवा आहे, पुरा हवा आहे. प्रश्न फक्त क्रमाचा आहे.

कापसाचंच घ्या. वेचणीच्या दिवसांत मुलं येत नाहीत अशी तुमची तक्रार आहे. त्या दिवसांतच त्यांना एक काम द्या. घरी विचारून यायचं : यंदा कापूस कुणाला दिला, खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याला की सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर? भाव काय लागला? विकला नसेल तर कशाची वाट पाहताय? ज्या घरात एका खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला असतो, रात्री अंगाला खाज सुटते, तरी बाप म्हणतो ‘आजून थांबू’, त्या घरातल्या मुलाला हा शेवटचा प्रश्न विचारायला कुठलं पुस्तक लागत नाही. ही उत्तरं फळ्यावर मांडली की वर्गात भावांचा नकाशा तयार होतो, आणि पुढचा प्रश्न आपोआप येतो : हा भाव कोण ठरवतं?

मग तुम्ही २०२५ चा ऑगस्ट महिना समोर ठेवा. अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावरचं शुल्क २७ ऑगस्टपासून ५० टक्क्यांवर नेलं. त्याच्या आठवडाभर आधी, १९ ऑगस्टपासून, भारत सरकारने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क माफ केलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेच्या शुल्काने अडचणीत येणाऱ्या कापडउद्योगाला स्वस्त कापूस मिळावा, हा त्यामागचा विचार. पण आपला कापूस बाजारात येतो तो दसरा-दिवाळीच्या सुमारास, म्हणजे माफीच्या ऐन मुदतीत. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामाला क्विंटलला ८,११० रुपये होता. तो वर्गातल्या किती घरांना मिळाला, हे तुमच्या फळ्यावर आधीच लिहिलेलं असेल.

इथे वास्तववाद शिकवा. वास्तववादी म्हणतो, राज्य राष्ट्रहितासाठी वागतं. मुलांना विचारा, या निर्णयातलं राष्ट्रहित कुणाचं? तिरुपूरच्या कारखान्यात शिवणकाम करणाऱ्या बाईचं, की बोदवडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचं? दोघंही राष्ट्रच आहेत. मुलं भांडतील. भांडू द्या, कारण या प्रश्नावर जगभरचे अभ्यासकही भांडतात. उदारमतवादी म्हणेल की राज्य म्हणजे एक माणूस नव्हे, आत गट आहेत, दबाव आहेत, बाहेरच्या व्यापारात गुंतलेले हितसंबंध आहेत. परावलंबनाचा सिद्धान्त मांडणारा म्हणेल, कच्चा माल विकणारा कुठल्याही देशातला असो, तो साखळीच्या खालच्या टोकालाच असतो. तिघांनाही त्या खोलीभर कापसाचं स्पष्टीकरण द्यायला लावा. तुमची मुलं हे तीन सिद्धान्त विसरणार नाहीत, आणि परीक्षेत ‘वास्तववादाच्या मर्यादा स्पष्ट करा’ आलं तर त्यांच्याकडे स्वतःचं लिहायला असेल.

याच कापसावर तौलनिक राजकारणही शिकवता येतं. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना देत असलेल्या अनुदानाविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. तो खटला जिंकला. शेवटी २०१४ मध्ये अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांच्या संस्थेला ३० कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. जवळपास त्याच वेळी, २००३ मध्ये, बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे पश्चिम व मध्य आफ्रिकेतले चार देशही हीच तक्रार घेऊन त्या संघटनेत उभे होते. त्यांच्याकडे वकिलांची फौज नव्हती, अमेरिकेच्या मालावर उलट शुल्क लावून तिला दुखवता येईल एवढा व्यापार नव्हता. त्यांनी वाटाघाटींचा रस्ता धरला. तक्रार एकच, पण पैसे मिळाले ब्राझीलला. का? हा ‘का’ म्हणजेच तौलनिक अभ्यास.

आणि इथे मला आपल्या सगळ्यांच्याच शिकवण्याबद्दल बोलायचं आहे. तौलनिक राजकारणाच्या पेपरात आपण ब्रिटन शिकवतो, मग अमेरिका, मग स्वित्झर्लंड, मग चीन. प्रत्येकाचं कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ. सत्र संपतं. यात तुलना कुठे झाली? चार देशांच्या चार स्वतंत्र हकीकती झाल्या, आणि त्या पाठ करताना मुलांचा जीव जातो. देश आधी घेऊ नका, प्रश्न आधी घ्या, आणि त्या प्रश्नासाठी दोन देश समोरासमोर बसवा.

तुमच्या वर्गासाठी मी सुचवेन असा एक प्रश्न आहे : संख्येने कमी असलेल्या समाजाला कायदेमंडळात जागा द्यायची, तर कशी द्यायची? नंदुरबार लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. उमेदवार अनुसूचित जमातीचाच हवा, पण मत सगळे देतात, शहाद्याचा गुजर पाटील देतो, नंदुरबारचा व्यापारी देतो. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांसाठी १८६७ पासून वेगळ्या जागा आहेत, आज त्या सात आहेत. तिथे नेमकं उलट आहे. माओरी वंशाच्या मतदाराने माओरी यादीत नाव घालायचं की सर्वसाधारण यादीत, ते त्याने ठरवायचं. माओरी यादीतलेच लोक त्या जागांसाठी मत देतात, पण उमेदवार माओरीच असला पाहिजे अशी अट नाही. आपल्याकडे उमेदवारावर अट, मतदारावर नाही. तिकडे मतदारावर अट, उमेदवारावर नाही.

आता मुलांना विचारा : निवडून आलेला माणूस कुणाला घाबरेल? कुणाच्या दारी मतं मागायला जाईल? धडगावच्या पाड्यावरचा प्रश्न कुठल्या पद्धतीत जास्त जोरात मांडला जाईल, आणि कुठल्या पद्धतीत तो मांडणारा बाकी सभागृहात एकटा पडेल? इथून १९३२ चा पुणे करार दोन पावलांवर आहे. स्वतंत्र मतदारसंघ की संयुक्त मतदारसंघात राखीव जागा, हा डॉ. आंबेडकर आणि गांधीजी यांच्यातला वाद मुलांनी प्रथम वर्षापासून ‘टीप लिहा’ म्हणून पाठ केलेला असतो. तो वाद नंदुरबारच्या प्रत्येक निवडणुकीत जिवंत आहे आणि न्यूझीलंडने त्याचं वेगळं उत्तर काढलं आहे, हे कळलं की पावरा मुलगा काय आणि गुजर मुलगी काय, दोघंही मान वर करून ऐकतात. दोघांना वेगवेगळ्या कारणांनी हा प्रश्न आपला वाटतो.

निवडणूक पद्धतींसाठी याहून सोपं करता येईल. २०२४ च्या लोकसभेत नंदुरबार, धुळे, जळगाव, रावेर या चार मतदारसंघांत भाजप आणि काँग्रेस यांना दोन-दोन जागा मिळाल्या. धुळ्याचा निकाल चार हजारांच्या आतल्या फरकाने लागला. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सगळे आकडे आहेत आणि मुलांच्या हातात मोबाइल आहे. हीच मतं प्रमाणशीर पद्धतीने, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देऊन, मोजली तर चार जागा कुणाला किती गेल्या असत्या, ते मुलांना मांडायला लावा. न्यूझीलंडने १९९३ च्या सार्वमताने आपली पद्धत बदलून मिश्र प्रमाणशीर पद्धत घेतली आणि १९९६ मध्ये तशी पहिली निवडणूक झाली, हे तेव्हा सांगा. आकडेमोड झाल्यावर ‘मग आपला खासदार कोण?’ असा प्रश्न कुणीतरी विचारेलच. विचारला नाही तर तुम्ही विचारा.

सिद्धान्त समजावताना दाखला द्यावासा वाटला तर जरूर द्या, पण तो कुठे तुटतो हेही मुलांनाच शोधू द्या. उदाहरणार्थ, सुरक्षेची कोंडी, म्हणजे एकाने स्वतःच्या बचावासाठी केलेल्या तयारीने दुसरा धास्तावतो ती स्थिती. रावेर-यावलकडे बांधाला बांध लागून दोन केळीचे मळे. एकाने बोअर तीनशे फुटांवरून पाचशेवर नेला, केवळ आपलं पीक वाचवायला. शेजाऱ्याचं पाणी आटलं, त्याने सातशेवर नेला. दोघांच्याही मनात काही वाईट नाही, दोघंही कर्जात, आणि पाणी दोघांचंही खाली गेलं. शस्त्रस्पर्धा अशीच वाढते, हे मुलांना लगेच पटेल. मग विचारा, या दोन शेतकऱ्यांत आणि दोन देशांत फरक काय? कुणीतरी म्हणेल, इथे तहसीलदार आहे, कोर्ट आहे, गावातली चार माणसं आहेत. देशांच्या वर कोण आहे? आंतरराष्ट्रीय राजकारणातली ‘अराजकता’ या शब्दाचा अर्थ त्या एका उत्तरात आहे.

आता त्या व्हिडिओचं. तुम्ही घाबरलात, आणि ते स्वाभाविक आहे. तासिका तत्त्वावरच्या माणसाची नेमणूक दरवर्षी नव्याने होते. तिला ‘धीट व्हा’ म्हणणं सोपं असतं, किंमत तिलाच मोजावी लागते. म्हणून मी तुम्हाला धाडस करायला सांगणार नाही. पण ‘वादाचा विषय टाळला की वर्ग सुरक्षित’ हेही मला मान्य नाही. तुम्ही टाळलं तरी मुलं त्या विषयावर बोलतातच, रात्री मोबाइलवर, जिथे त्यांना कुणी पुरावा विचारत नाही.

माझ्या मते चूक विषयात नव्हती. मुलांना अशा चर्चेची सवय लागण्याआधी तो विषय आला. ज्या भांडणात आपण कुणाच्याच बाजूचे नसतो, तिथून सुरुवात करा. नाईल नदीचं पाहा. इथिओपियाने २०११ मध्ये निळ्या नाईलवर मोठं धरण बांधायला घेतलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन केलं. नाईलच्या पाण्यावरचा आपला हक्क सांगायला इजिप्त १९२९ आणि १९५९ च्या करारांवर बोट ठेवतो. इथिओपिया म्हणतो, त्या करारांत आम्ही नव्हतोच. वर्ग दोन भागांत वाटा, चिठ्ठ्या टाकून. नंतर बाजू बदला. जो इजिप्तच्या बाजूने तावातावाने बोलला त्याला इथिओपियाची बाजू लिहून आणायला सांगा. मग तापीवर या. मध्य प्रदेशात मुलताईला उगम, मध्ये आपण, खाली गुजरात. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या गुजरातमधल्या उकाई धरणाच्या फुगवट्यात तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातली गावं गेली. राज्याराज्यांतल्या पाणीवाटपाला लवाद असतो, नर्मदेच्या लवादाने १९७९ मध्ये निवाडा दिला. नाईलवर तसा निवाडा देणारं कुणी नाही. बोअरच्या दाखल्यातला तोच प्रश्न इथे पुन्हा येतो. आणि हे सगळं झाल्यावर १९६० चा सिंधू पाणीवाटप करार, जो भारताने पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी स्थगित ठेवल्याचं जाहीर केलं. तोवर मुलांकडे प्रश्न विचारायची रीत आलेली असेल : करारात काय लिहिलं आहे, कुणाचा दावा काय, त्यामागचं कारण काय, आणि मग माझं मत काय. पहिल्या तिघांची उत्तरं पुराव्याने देता येतात. चौथं ज्याचं त्याचं. भांडणं होतात ती बहुतेक वेळा मुलं चौथ्यापासून सुरुवात करतात म्हणून.

काही गोष्टी मात्र नियम म्हणून ठेवा. बोलण्याआधी प्रत्येकाने पाच ओळी लिहायच्या. चर्चेच्या तासाला मोबाइल टेबलावर. मुद्द्यावर काहीही बोला, पण समोरच्या मुलाला किंवा मुलीला नाव ठेवायचं नाही. ‘देशद्रोही’ हा शब्द निघाला की तास तिथेच थांबेल, हे पहिल्याच दिवशी सांगा आणि खरोखर थांबवा. चर्चेच्या आधी विभागप्रमुखांना एक कागद द्या : कुठलं प्रकरण, कुठला घटक, कुठला करार वाचणार. त्यावर त्यांची सही घ्या. हा कागद तुमचं संरक्षण आहे. मुलांनी ‘मॅडम, तुमचं मत काय?’ विचारलं तर? चालू युद्धाबद्दल शिक्षिकेने आपलं मत आधी सांगू नये असं मला वाटतं, कारण तुमच्या हातात अंतर्गत गुण आहेत आणि मुलांना ते माहीत असतं. त्यांचं लिहून झालं की सांगा, आणि कशाच्या आधारे तसं वाटतं तेही सांगा.

नोट्स द्याच. तृतीय वर्षाच्या मुलीला दुपारची एसटी पकडायची असते, घरी गेल्यावर स्वयंपाक असतो. तिला पुस्तकं धुंडाळायला लावून आपण तिच्यावर उपकार करत नाही. फक्त त्या वर्गात सांगून उतरवून घेऊ नका. छापील पान द्या, झेरॉक्सला जाऊ द्या, आणि तो वाचलेला वेळ वरच्या प्रश्नांना द्या. चर्चा अहिराणीत होऊ द्या, उत्तर मराठीत लिहून घ्या, आणि नेट-सेट करू पाहणाऱ्या मुलांसाठी इंग्रजी संज्ञांची यादी वेगळी ठेवा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, तेव्हा ‘कारण देऊन लिहिता येणं’ हे त्या मुलांच्याही कामाचं आहे. आणि वर्गात जगाचा मोठा नकाशा लावून घ्या. जळगावची केळी इराणला, इराकला, आखातात जाते हे ठाऊक असलेल्या मुलालाही आखाताच्या तोंडाशी असलेली होर्मुझची सामुद्रधुनी कुठे आहे ते दाखवता येत नाही. एकदा तिथे बोट ठेवलं की आखातातल्या तणावाची बातमी त्याला निराळी ऐकू येते.

राहिलं पुणं. इथे मी अगदी सरळ लिहिते. तुम्हाला पैशाची गरज असेल, मानधन वेळेवर मिळत नसेल, घरी जबाबदाऱ्या असतील, तर जा. त्यात कमीपणा काही नाही आणि कुणाची परवानगी लागत नाही. पण जायचं कारण पैसा असेल तर ते पैसाच असू द्या. ‘इथली मुलं या विषयाची नाहीत’ हे कारण त्याला जोडू नका, ते खरं नाही. तुम्ही त्यांना हा विषय अजून पुरता दिलेलाच नाही, आधी जमला नाही म्हणून आणि मग देऊ दिला नाही म्हणून. क्लासमध्येही नोट्सच सांगायच्या असतील तर गाव बदलून काय बदलेल, हेही स्वतःला विचारा. तिथे किती तास, पगार किती, पीएच.डी.ला वेळ मिळेल का, हे लेखी घ्या. आणि शक्य असेल तर निर्णय या सत्राच्या शेवटापर्यंत लांबवा. कापसाचे तास आणि नंदुरबार-न्यूझीलंडचा तास घेऊन पाहा, मग ठरवा.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी आणखी एक. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत हे पेपर शिकवणारे बरेच जण आहेत, आणि प्रत्येक जण एकटा आपापल्या नोट्स काढतो. चार जण एकत्र या आणि प्रश्नांची एक वही करा : प्रश्न, त्यासाठी घेतलेले दोन देश, आकडे कुठून घेतले, मुलांनी काय विचारलं. ती वही विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाकडे पत्रासोबत पाठवा, आणि अभ्यासक्रमाची पुढची फेररचना होईल तेव्हा देशवार प्रकरणांऐवजी प्रश्नवार प्रकरणं घ्यावीत असं त्यात स्पष्ट लिहा. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांना मंडळावर बसायला मिळणं कठीण असतं, पत्र मात्र कुणालाही पाठवता येतं. पत्राखाली चौघांच्याही सह्या करा, आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.